राणीचे केस

न्हाव्याने वस्तरा चामड्यावर घासून घासून धारदार केला, तरी बद्रीनाथ काही पाटावर येऊन बसेना.

शहादेवराव पाटलांचा दहावा होता. धर्मापुरीच्या ओढ्याकाठी अर्धं गाव जमलं होतं. थोरल्या विठ्ठलरावांचं डोकं केव्हाच भादरून झालं होतं. मिशीही गेल्यामुळे त्यांचा दरारा जरा उघडा पडला होता, आणि ते त्यांनाही कळलं असावं, कारण आज त्यांचा आवाज नेहमीपेक्षा चढा होता. धाकट्या धोंडीरामाचा डावा पाय बसऱ्याच्या लढाईत गेलेला. त्याला दोघांनी धरून पाटावर बसवलं आणि काम झाल्यावर उठवलं. आता मधला तेवढा राहिला होता, आणि मधल्याचे केस कमरेपर्यंत होते.

करंजाच्या सावलीत बायका बसल्या होत्या. धोंडीरामाची बायको तुळजाबाई त्यांत सगळ्यात पुढे होती, पदर कपाळाखाली ओढून, पण डोळे चांगले उघडे ठेवून.

“बस की बे,” विठ्ठलराव म्हणाले. “पिंडाची येळ टळाय लागली.”

“दादा, मी लांबून हात जोडतो. पाणी तुमी द्या, धोंडीराम देईल.”

“लांबून? बारा वर्सं लांबच हाईस. बापाला खांदा द्यायला पोचला न्हाईस, तिसऱ्या दिवशी उगवलास. आन् आज बी लांबूनच? कावून? तर म्हनं केस जातील! बापापरीस केस मोठं झालं का रं तुला?”

बद्रीनाथने मान खाली घातली. त्याच्याजवळ उत्तर होतं, पण ते बापाच्या पिंडासमोर द्यायचं कसं?

बारा वर्षांपूर्वी तो नाटक कंपनीबरोबर पळून गेला आणि कंपनीची राणी झाला. शहादेवरावांनी भर चावडीत सांगितलं होतं, लुगडं नेसणाऱ्याला माझ्या उंबऱ्याच्या आत जागा न्हाई. म्हातारा शब्दाचा पक्का, तो तसाच गेला. इकडे कंपनी जाहिरातीत छापायची, ‘खऱ्या केसांची राणी’. तिसऱ्या अंकात भरदरबारात अपमान झालेली राणी अंबाडा सोडते, केस कमरेपर्यंत उतरतात आणि ती शपथ घेते. तेवढ्या एका क्षणासाठी दहा-दहा कोसांवरून बैलगाड्या जुंपून माणसं यायची.

आणि आजपासून आठव्या दिवशी बीडला खेळ होता. तो कंपनीसाठी नव्हता. लढाईवरून हातपाय, डोळे गमावून आलेले अकरा शिपाई गेली दोन वर्षं बद्रीनाथने कंपनीत सांभाळले होते. कुणी पडदा ओढी, कुणी दिवाबत्ती बघे, कुणी पोळ्या लाटी. पण फिरस्तीची कंपनी, आज इथे तर उद्या वऱ्हाडात. अधू माणसांचे हाल होत. म्हणून त्याने कपिलधारच्या वाटेवर त्यांच्यासाठी आसरा बांधायला काढला होता. भिंती उभ्या होत्या, छप्पर राहिलं होतं. ह्या खेळाला तिकीट नव्हतं. ज्याला बघायचंय त्याने एक वासा आणावा, वासा नसेल त्याने डोक्यावर मावतील तेवढी कौलं आणावीत. तहसिलीतून परवानगी मिळाली होती ती त्याच एका तारखेची, आणि खेळ सूर्य मावळायच्या आत संपवायचा ह्या बोलीवर. दिव्यांच्या उजेडात कसाबसा खपणारा कंपनीचा जुना टोप रंगवलेल्या अंबाडीच्या वाखाचा होता. भर उन्हात तो म्हशीच्या शेपटासारखा दिसला असता. राणीच नाही म्हटल्यावर वासे घेऊन येणार कोण?

तुळजाबाईला हे सगळं ठाऊक होतं, आणि ह्यापलीकडचंही थोडं ठाऊक होतं. धोंडीराम मुंबईच्या पलटणीच्या इस्पितळात भिंतीकडे तोंड करून पडला होता, अन्नाला शिवत नव्हता, तेव्हा घरातलं कुणी गेलं नाही. बद्रीनाथ गेला. तीन महिने त्याच्या खाटेशी बसला. घास भरवला, राणीचे, प्रधानाचे, विदूषकाचे सगळे संवाद म्हणून दाखवले, आणि अख्ख्या दालनातली माणसं हसायला लागली तेव्हा धोंडीरामानेही कूस वळवली. मग त्याला गाडीत घालून गावाच्या शिवेपर्यंत आणला. तुळजाबाई तिथे उभी होती. बद्रीनाथ गाडीतून उतरला, बैलांचा कासरा तिच्या हातात दिला आणि म्हणाला, “माझी हद्द हितवर.” आल्या वाटेने पायी निघून गेला. त्या दिवसापासून सांजवात लावताना ती देवाच्या आधी त्याचं नाव घ्यायची. देवाला राग आला असेल तर तो देवाने बघून घ्यावा.

ह्या सात दिवसांतही तिने त्याला बघितलं होतं. माणसं निजायला गेली की म्हाताऱ्याची पायताणं घेऊन तो ओसरीवर तेल लावत बसे. आता ती घालणारं कुणी नव्हतं. तरी रोज तेल लावी.

तुळजाबाई उठून उभी राहिली. बायकांनी तिचा पदर ओढला, पण ती काही बसली नाही.

थोरल्या दिरासमोर बोलायची त्या घरात रीत नव्हती. आठ वर्षांत तिला विठ्ठलरावांना जे सांगायचं होतं ते तिने सासूला सांगितलं होतं, आणि सासू जवळ नसली तर पाण्याच्या रांजणाला. आज सासू, बायनाबाई, शेजारीच होती.

“आत्याबाई,” ती ओढ्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “थोरल्या भाऊजींना म्हनावं, वाईच दम धरा. आन् मधल्या भाऊजींना म्हनावं, डोकं पुढं करा. केसांचं मी बगते.”

बायनाबाईंनी काही पोचवलं नाही. पोचवायची गरजच नव्हती.

बद्रीनाथने मान वर केली. “तुळजाबाई, काय बगता?”

“बगते म्हनलं नव्हं? बीडला राणी केसासकट उभी ऱ्हाईल. माझा शबुद हाय.”

बद्रीनाथ पाटावर जाऊन बसला. इतक्या घाईने बसला की त्याला हे किती मनापासून हवं होतं ते सगळ्यांना दिसलं.

तुळजाबाईचा बेत साधा होता. उतरलेले केस पदरात गोळा करायचे आणि हबीबच्या हवाली करायचे. हबीब त्या अकरांतला एक, डावा हात गेलेला, कंपनीची पोशाखाची पेटी तोच सांभाळी. त्याच केसांचा टोप होईल. बेत इतका सोपा की विठ्ठलरावांना कसा सुचला नाही ह्याचंच तिला नवल वाटत होतं. पहिली बट पडली तशी ती पदर पसरून पुढे झाली.

न्हावी दचकून मागे सरला. “वैनी, हात नगा लावू! दहाव्याची केसं हायेत. ती आता मेलेल्याची झाली. पान्यात जात्यात ती.”

बायका दहाव्याला करंजाखालून उठतच नसत. वस्तऱ्याजवळ काय चालतं, काय नाही, हे तिला कळणार कुठून? तिने विठ्ठलरावांकडे बघितलं. ते आईकडे बघून म्हणाले, “बाजूला व्हा म्हनावं.”

पसरलेला पदर तिला तसाच आवरून घ्यावा लागला. न्हाव्याने बारा वर्षांचे केस ओंजळी-ओंजळीने उचलून ओढ्यात सोडले आणि ते वळण घेऊन निघून गेले.

बद्रीनाथने पिंडाला हात लावला, पाणी सोडलं. “बाबा,” एवढंच म्हणाला. थिएटरातल्या शेवटच्या ओळीला ऐकू जाणारा आवाज त्याचा, पण त्या वेळी नुसता घोगरा निघाला. परतताना तो तुळजाबाईपाशी थांबला. उघडं डोकं, लालभडक डोळे.

“लई उपकार झाले तुमचे. बीडचं बगू मग. तुमी जिवाला लावून घिऊ नगा.”

त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

दुपारी ती कणगीच्या आड बसून रडली. शब्द दिला होता, आणि तोही चारचौघांत. रडता रडता हात आपसूक भिंतीतल्या बिळाकडे गेला. रोज वेणी घातल्यावर फणीला जे केस येत ते गुंडाळून ती तिथे कोंबून ठेवी. वर्षाकाठी केसवाली आली की त्या गुंतवळावर सुया, फणी घ्यायची. तिने गोळा बाहेर काढला आणि रडायचं विसरून त्याच्याकडे बघत राहिली.

“रडती कायकू?” मागून आवाज आला. हबीबची बायको आमिनाबी. अकरा जणांतले सात जण बायकांना घेऊन बीडहून दोन गाड्या करून दहाव्याला आले होते. तिने गुंतवळ हातात घेऊन चाचपला. “हे तुझे बाल?”

“व्हय. ह्याचा टोप व्हईल का गं?”

“ह्याचा एक कान बी झाकायचा न्हाई, भाबी,” आमिनाबी म्हणाली. मग तिने स्वतःच्या मानेमागे हात घातला आणि अंबाड्यातून वीतभर झुबका ओढून काढला. बाळंतपणात केस गेले तेव्हापासून ती गंगावन लावायची. “हे पन घे.”

“अगं, मग तुला?”

“मेरे घरवाले का एक हात गया. आस्पताल में उस हात की जगा कौन खडा रहा? बद्रीभाई. मी दोन म्हैने बिनाअंबाड्याची फिरले तर मरते का?”

आमिनाबीचं माहेर पटवेकऱ्यांचं, दागिन्यांचे मणी रेशमात गुंफणारं. गाठ मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती ओसरीवर गेली आणि तिने बाकीच्या सहा जणींना चार शब्दांत काय ते सांगितलं. कुणी अंबाडा सोडून गंगावन काढून दिलं. कुणी म्हणाली, माझा गुंतवळ घरी पडलाय, बीडला पोचले की आणून देते. सुभद्राबाई नावाची एक होती, तिच्या नवऱ्याचे दोन्ही डोळे गेलेले. ती म्हणाली, “माझं कसंबी दिसलं तरी ह्यांना सारखंच. घ्या.” आणि स्वतःच हसली, तशा सगळ्याच हसल्या. दहाव्याच्या घरात हसू नये, पण हसल्या.

केस काळे, भुरे, कुरळे, आमिनाबीचे तर मेंदीने लाल. तुळजाबाईने लोखंडी कढई चुलीवर चढवली, आवळकाठी टाकली आणि सगळे एकत्र उकळले. हबीब एका हाताने जाळीचं कापड मांडीवर धरून कुठे किती गाठी ते सांगत होता आणि आमिनाबी “मेरेकू शिकवू नक्को” म्हणत नेमक्या तिथेच गाठी मारत होती.

तिसऱ्या दिवशी काम अडलं. मागचा भार झाला होता. समोरची, कपाळावरून भांगाच्या दोन्ही अंगांना उतरणारी लांबलचक बट मात्र कशातूनच निघेना. तीच तर उन्हात सगळ्यांना दिसणार. तुळजाबाईने कातर घेतली आणि स्वतःची वेणी पुढे ओढली.

“कातर ठिव,” धोंडीराम म्हणाला. लढाईवरून आल्यापासून तो दिवसाला चार शब्द बोलायचा, आणि त्यातले दोन संपले होते.

“मदी बोलू नगा. मी शबुद दिलाय.”

“नवरा जिता असताना बाई केस कापत न्हाई. मला जिता कुनी ठिवला? त्यानंच. मग त्यो असले केस डोक्यावर घील का? इचार त्याला.”

तिने कातर खाली ठेवली. वादात तिला हरवणारा हा माणूस दोन वर्षं कुठे होता, असा विचार मनात आला आणि तिला एकदम भरून आलं.

तेवढ्यात मधल्या खोलीचं दार वाजलं. बायनाबाई बाहेर आल्या. दहावा सोडला तर इतक्या दिवसांत त्या ओट्यापर्यंतही आल्या नव्हत्या. कपाळ मोकळं, हात मोकळे. त्यांनी हातातला जुना खण उलगडला. आत कमरेइतकं लांब, काळंभोर गंगावन होतं.

“माझ्या लग्नातलं हाय,” त्या म्हणाल्या. “माझ्या आयनं सोताच्या केसांचं करून दिलतं. सणावाराला लावायची. आता मी कुनासाठी लावू?” त्यांनी ते आमिनाबीच्या मांडीवर ठेवलं. “समोर लाव, बाई. नीट दिसंल असं.”

आमिनाबीने ते आधी डोळ्यांना लावलं.

विठ्ठलराव दारात उभे होते. कधी आले कुणास ठाऊक. ते आईच्या गंगावनाकडे बघत राहिले, मग गोठ्याकडे गेले. गोठ्यात छपराचा सगळा भार पेलेल असं सागवानाचं एक भलंमोठं आढं पडून होतं. नव्या बैठकीसाठी म्हणून शहादेवरावांनी ते वीस वर्षं राखलं होतं आणि त्याच्यावर कुणाला बसूसुद्धा दिलं नव्हतं. विठ्ठलराव त्याच्यावर जाऊन बसले.

तेरावं झालं आणि बीडला निघायच्या गाड्या जुंपल्या. विठ्ठलरावांनी आईला सांगितलं, “तुमी जा. मला नाटकं बगायला येळ न्हाई.”

बीडच्या मैदानात सकाळपासून माणूस लोटलं होतं. हबीब फाटकावर उभा राहून वासे पारखून घेत होता. कुणी सागाचा आणला, कुणी बाभळीचा. एका म्हातारीने खाटेचा पाय आणला होता. हबीबने तो उलटसुलट बघितला आणि “खुंटी व्हईल ह्याची” म्हणून तिला आत सोडली.

टोप आमिनाबीने कुणालाच दाखवला नव्हता. तुळजाबाई कनातीआड बायकांत बसली होती, शेजारी बायनाबाई. पहिल्या दोन अंकांत तिला नाटक दिसलंच नाही. तिला फक्त तो अंबाडा दिसत होता. गाठ सुटली तर? भर उन्हात जाळी दिसली तर? हसं आपलं नव्हे, मधल्या भाऊजींचं होईल.

तिसरा अंक आला. दरबार भरला. राणीने हात मागे नेला आणि अंबाडा सोडला.

केस उतरले. ऊन समोरून पडलं होतं आणि केस काळेभोर चमकत होते. मैदानात पोरंसुद्धा रडायची थांबली. राणी शपथ घेऊ लागली, आणि बायकांमधून आमिनाबीची कुजबुज आली, “कानाजवळची लालसर बट मेरी. आवळ्याला बधली न्हाई.” “पाठीवरची कुरळी माझी,” सुभद्राबाई म्हणाली, आणि कनातीपलीकडे बसवलेल्या आंधळ्या नवऱ्याला ती कशी दिसतेय ते सांगू लागली. तुळजाबाईने बायनाबाईंकडे बघितलं. लेकाला त्या पहिल्यांदाच रंगभूमीवर बघत होत्या. समोर त्यांचंच कपाळ होतं, त्यांचंच नाक, आणि कपाळावरून त्यांच्याच लग्नातले केस उतरले होते.

“आशीच आले व्हते मी ह्या घरात,” त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी तुळजाबाईचा हात धरला आणि खेळ संपेपर्यंत सोडला नाही.

खेळ संपला तेव्हा सूर्य अजून कासराभर वर होता. तुळजाबाई फाटकापाशी आली आणि थबकली. फाटकाच्या आत, सगळ्यांच्या मागे, विठ्ठलराव उभे होते. अंगावर तीन दिवसांच्या वाटेची धूळ. बाहेर त्यांची गाडी, आणि गाडीवर आडवं बांधलेलं सागवानी आढं.

“पाटील तिसऱ्या अंकाला आले,” हबीब तिला म्हणाला. “म्हनलं, खेळ आर्धा झाला. तर म्हने, असूं दे, उरलेला बगतो.”

ती पदर ओढून बाजूला सरकली. आसपास सासू नव्हती, रांजणही नव्हता.

“तुळजाबाई.”

आठ वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच हाक मारली होती.

“जी,” ती म्हणाली.

“समोरचे केस मायचे ना?”

“व्हय.”

“लहानपनी सणाच्या दिवशी मायच्या कुशीत निजलो की त्याचं टोक मुठीत धरायचो आमी. मी डाव्या अंगाला, त्यो उजव्या. मी इसरलो व्हतो.” त्यांनी अंगावरची धूळ झटकली. “तुमचा शबुद खरा झाला. नसता झाला तर मी हितं आलोच नसतो, जन्मभर त्यालाच बोल लावत बसलो असतो.”

ती वाकली आणि तिने दिराच्या पायांना हात लावला.

विठ्ठलराव गाडीकडे वळले. “आढं उतरवा,” ते म्हणाले. “लई जड हाय. समदे लागा.”

अकराही शिपाई पुढे आले, कुणी एका हाताने, कुणी कुबडीवर रेलून. पडद्यामागून बद्रीनाथ धावत आला, अजून राणीच्याच वेशात. आढं बघून तो थांबला. गोठ्यातलं ते लाकूड त्याने ओळखलं. त्याने लुगड्याचा पदर कमरेला खोचला, केस मागे सारले आणि पुढच्या टोकाला खांदा लावला. मागच्या टोकाला विठ्ठलराव वाकले.

“बाबांचं हाय,” विठ्ठलराव म्हणाले. “नीट धर.”